गोलमध्ये कोणी नसते तरी

माळवस्ती, कात्रज
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

श्रीधरराव,

रामराम. तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. बावीस वर्षं आपण मैदानावर शेजारी बसून हॉकी बघतोय, लिहायची गरजच पडली नाही. पण घरातले सगळे फोन आम्ही सोमवारी रात्री बंद केलेत. म्हणून माझा पुतण्या कचरू याच्या हाती ही चिठ्ठी देतो. तो रोज पहाटे मंडईत भाजी घेऊन येतो आणि तुम्हाला ओळखतो. उत्तर त्याच्याच गाळ्यावर ठेवा.

रविवारचा सामना तुम्ही बघितलाच आहे. आपलं शिवतेज एकोणीस वर्षांनी फायनलला जाणार होतं. चार मिनिटं उरली असताना तेजस्विनीच्या दोन पॅडमधून बॉल गेला, दोन-दोन झालं, आणि शूटआउटमध्ये आपण हरलो. मलाही वाईट वाटलं. नात असली म्हणून काय झालं, संघ आपलाच आहे. घरी येताना मी तिच्याशी बोललो नाही. आता त्याचं फार लागतंय.

सोमवारी त्या फळ्याचा फोटो सगळीकडं फिरला. मैदानाच्या फाटकाशी, साईनाथच्या चहाच्या टपरीला टेकवलेला काळा फळा, ज्यावर सामन्याच्या दुसऱ्या दिवशी कोणीतरी निकाल आणि खाली एक ओळ लिहून जातो, तोच. त्यावर लिहिलेलं मी कधी बघितलं नाही, सामना झाला की मी गावी येतो. पण ओळ काय होती ते मला चारजणांनी ऐकवलं. ‘गोलमध्ये कोणी नसते तरी चालले असते. पोस्टला लागून एखादा बॉल तरी परत आला असता.’

त्या फोटोखाली कोणीतरी तेजूचा फोटो चिकटवला, कॉलेजचं नाव टाकलं, फोन नंबर टाकला. मग काय काय आलं ते मी लिहू शकत नाही. पोरगी एकोणीस वर्षांची आहे. काल संध्याकाळी दोन मोटारसायकली आल्या, तिच्या खोलीची काच फोडली. दगडाला कागद गुंडाळला होता. रविवारी तिसऱ्या नंबरच्या सामन्याला उतरलीस तर पाय मोडू, असं त्यात होतं.

ती बोलत नाही. जेवत नाही. भिंतीला पाठ लावून बसते. काल दिवसभर तो फोटोच बघत होती. फोन काढून घेतला तर म्हणाली, “कशाला घेता, मला पाठ हाय तो.” आमच्या वस्तीमागं दगडाची जुनी खाण आहे, पाण्यानं भरलेली. रात्री ती उठली की मी उठतो. श्रीधरराव, मला भीती वाटते.

तुम्ही मैदानावर सगळ्यांना ओळखता. फळा कोण लिहितो ते शोधून काढा. मला त्याला मारायचं नाही. त्यानं तिथं एवढंच लिहावं, की मला असं म्हणायचं नव्हतं.

तुमचा
तात्याराव

*

बुधवार, १२ फेब्रुवारी, सकाळी सात
(हे पत्र पाठवले नाही.)

तात्याराव,

तो मी.

बावीस वर्षे मीच लिहितो. साईनाथशिवाय कोणाला माहीत नाही. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पहिली बस धरतो, खिशात खडू असतो, एक मिनिटाचे काम. शाळेत चौतीस वर्षे फळा लिहिला, निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायचा. लोक सकाळी येऊन वाचतात, हसतात, कोण असेल म्हणून तर्क करतात. मी तुमच्या शेजारी बसून तुमच्याबरोबर तर्क केले आहेत. बायको गेल्यानंतर तेवढेच एक सुख उरले होते.

सोमवारी मी चिडलो होतो. ओळ सुचली आणि मलाच हसू आले. ती तुमच्या नातीबद्दल आहे हे डोक्यात नव्हते असे नाही. होते. पण हेल्मेट घातलेला एक गोलकीपर, एवढेच मला दिसत होते. संध्याकाळी तीच ओळ माझ्या फोनवर सात ठिकाणांहून परत आली. शेवटच्या ठिकाणी खाली तिचा नंबर होता. बस धरून गेलो, अंधारात फळा पुसला, घरी आलो आणि फोन बंद करून कपाटात

*

१२, सुखनिवास, दुसरा मजला
शुक्रवार पेठ, पुणे २
बुधवार, १२ फेब्रुवारी

प्रिय तात्याराव,

नमस्कार. पत्र मिळाले. वाचून फार वाईट वाटले. माझाही फोन नेमका दुरुस्तीला दिला आहे, तेव्हा कचरूचीच टपालसेवा चालू ठेवू. सरकारी टपालापेक्षा ती बरी, निदान सोबत मेथी येते.

फळा कोण लिहितो हे कोणालाच माहीत नाही. साईनाथला मी पूर्वी एकदा विचारले होते, तो नुसता हसला. चौकशी करतो. ओळ आता पुसली आहे असे कानावर आले. लिहिणाऱ्याला तरी कुठे ठाऊक असणार की लोक त्याचे असे काही करतील? पुण्यात असे लिहिण्याची पद्धतच आहे. माणूस हसतो आणि कामाला लागतो. अर्थात तुम्हाला आत्ता हे ऐकवत नसेल.

पोलिसांत तक्रार द्या. दगडाचा कागद जपून ठेवा. तिला एकटे सोडू नका. आणि तिला माझ्याकडून एक सांगा. पहिल्या अर्ध्यात तिने तीन पेनल्टी कॉर्नर अडवले. तिसरा तर उजव्या हाताच्या अगदी बोटांवर घेतला. ते तीन गेले असते तर शूटआउटपर्यंत आपण पोचलोच नसतो. हे मैदानावर बसलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे, पण कोणी लिहिले नाही. तिला हे पत्र वाचायला दिलेत तरी चालेल.

आपला
श्रीधर

*

माळवस्ती
बुधवार, रात्र

श्रीधरराव,

तुमचे उपकार कसे फेडू. दुपारी कचरूनं पत्र आणलं, मी वाचलं आणि लगेच तेजूच्या हातात दिलं. तिनं पहिल्यांदा वाचलं तेव्हा नुसती बघत होती. मग पुन्हा वाचलं. मग कागद खिडकीशी उजेडाला धरून बघितला. तीन दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून बोलली. म्हणाली, “आजोबा, हे कोणी लिहिलंय?”

मी सांगितलं, आपले श्रीधरराव, तू लहान असताना तुला खारे दाणे द्यायचे ते. ती सहा वर्षं क्रीडा होस्टेलला होती, यंदाच घरी आली, त्यामुळं चेहरा तिला आठवेना. विचारलं, कुठं राहतात, काय करायचे, सामन्याला कुठं बसतात. मी सगळं सांगितलं. मास्तर होते म्हटल्यावर मान हलवली. मग पत्राची घडी घालून खिशात ठेवली. मी परत मागितलं तर म्हणाली, “माझ्याजवळ राहू दे.”

रात्री अर्धी भाकरी खाल्ली. आज मला जरा धीर आलाय. तुमच्या शब्दांत ताकद आहे बघा. अजून एक पत्र लिहा, थेट तिच्या नावानं. तक्रार दिली, पोलीस म्हणाले बघू. मोटारसायकली आज आल्या नाहीत.

तुमचा
तात्याराव

*

मंडई, कचरूचा गाळा
गुरुवार, १३ फेब्रुवारी, सकाळी साडेनऊ

तात्याराव,

उभ्याने लिहितो आहे, अक्षर वेडेवाकडे आले तर समजून घ्या.

तेजस्विनीला आज एक क्षणही एकटी सोडू नका. खाणीच्या बाजूचे दार लावून घ्या. रात्री तुम्ही जागता ते दिवसाही जागा, सूनबाईंना तिच्या खोलीत बसवा. आणि माझे ते पत्र तिच्याकडून काढून घ्या. काहीही सांगा. औषधाचे नाव त्यावर लिहिले होते म्हणा, पत्ता हवा आहे म्हणा. ते फाडून टाका किंवा मला परत पाठवा.

कारण आत्ता विचारू नका. मला तुम्हाला काही सांगायचे आहे, ते भेटल्यावर सांगेन. तिने अर्धी भाकरी खाल्ली याचा अर्थ तुम्ही समजता तसा नसेल. मी चुकीचा ठरलो तर उत्तमच आहे.

कचरूला म्हटले, आज भाजी विकू नकोस, लगेच निघ. तो माझ्याकडे बघतच राहिला.

श्रीधर

*

माळवस्ती
गुरुवार, दुपार

श्रीधरराव,

तेजू घरात नाही.

पहाटे मला डोळा लागला. तीन रात्रींनी लागला आणि तेवढ्यात गेली. चप्पल नाही, स्टिक नाही. फोन कपाटातच आहे. आमचे फोन चालू केले तर नुसत्या शिव्या येतात, पुन्हा बंद केले. तुमचं पत्रही नाही.

कचरू तुमची चिठ्ठी घेऊन आला तेव्हा आम्ही सगळे खाणीवर होतो. काठाला एक ओढणी सापडली, ती दुसऱ्या कोणाची तरी निघाली. तेवढ्या दोन मिनिटांत तिची आई जमिनीवर बसली ती अजून उठलेली नाही. गावातली चार पोहणारी पोरं पाण्यात उतरली आहेत. पाणी खोल आहे, खाली कपारी आहेत, त्यांना तळ लागत नाही. मी काठावर दगडावर बसून लिहितोय. माझं काही दुसरं काम नाही. प्रत्येक वेळी पोरगं वर आलं की मी त्याच्या हाताकडं बघतो.

तुम्हाला कसं कळलं? आज एकटी सोडू नका असं तुम्ही लिहिलंत. तुम्हाला काहीतरी ठाऊक आहे. काय असेल ते सांगा. भेटीची वाट बघू नका. कचरूला तुमच्या घरीच पाठवतोय, तो उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही.

तात्याराव

*

शुक्रवार पेठ
गुरुवार, संध्याकाळी पाच

तात्याराव,

कचरू समोरच्या खुर्चीवर बसला आहे. त्याला पाणी दिले, तो प्यायला नाही.

फळ्यावर मी लिहितो. बावीस वर्षे मी लिहितो आहे आणि ती ओळही मीच लिहिली. माझा फोन दुरुस्तीला नव्हता, कपाटात होता. तुमचे पहिले पत्र आले तेव्हा मी खरे लिहायला बसलो होतो. अर्धे लिहून थांबलो आणि दुसरे लिहिले. त्यात विनोदसुद्धा केला.

आता दुसरी गोष्ट, जी शोधाच्या कामाची आहे. शाळेत फळा भरभर भरायचा म्हणून मी अक्षरांवर शिरोरेघ देत नाही. फळ्यावरही नाही, कागदावरही नाही. ती सवय आता मोडत नाही. तेजस्विनीला तो फोटो पाठ होता, हे तुम्हीच लिहिले होते. माझे पत्र तिने खिडकीशी धरून पाहिले, ते मजकुरासाठी नव्हे. तिने अक्षर ओळखले असणार. तिला धीर देणारा माणूस आणि ती ओळ लिहिणारा माणूस एकच आहे हे तिला तुमच्या घरात बसून, तुमच्या हातून कळले. म्हणून मी सकाळी घाबरलो. तेव्हाही खरे लिहिले नाही, कारण मला तुमची भीती वाटत होती. तुम्ही उद्यापासून माझ्याशी बोलणार नाही, याची. तिकडे तिचा जीव टांगणीला होता आणि मी हा हिशेब करत होतो.

मी आता चौकीत जाऊन हे सगळे लेखी देतो. पत्रावर माझा पत्ता आहे, ती इकडे आली असेल अशीही एक आशा आहे. जिन्यावरचा दिवा चालू ठेवतो, दार उघडे ठेवतो. तुमच्याकडे यायला हवे, पण खाणीच्या काठावर तुमच्यासमोर उभे राहण्याचे धैर्य माझ्यात नाही. तुम्ही बोलावलेत तर येईन.

ती सापडो. मग माझे काय करायचे ते करा.

श्रीधर

*

सासवड
गुरुवार, १३ फेब्रुवारी, रात्री
(शनिवारी सकाळी टपालाने मिळाले.)

श्रीधर आजोबा,

मी तेजस्विनी. मी सेफ आहे. सासवडला मुक्ताई मावशीकडे आलेय. तिने घरी फोन लावले, सगळे बंद आहेत. उद्या ती स्वतः मला घरी सोडेल. मला माहितीये घरचे किती घाबरले असतील. पहाटे निघताना मला तेवढं सुचलं नाही, एवढंच सुचलं होतं की तुम्हाला बघायचंय.

आज सकाळी तुमच्या जिन्यात मुलगी बसली होती ना, तोंडाला स्कार्फ बांधलेली? ती मी. नऊपासून बसले होते. स्टिकची बॅग जिन्याखालच्या अंधारात लपवली होती. खरं सांगते, तुमच्या दारावर स्टिक आपटायची, तुम्ही दार उघडलं की ती ओळ मोठ्याने म्हणायची आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकवायची, असं ठरवून आले होते. पुढे काय करायचं ते ठरवलं नव्हतं. परत घरी जायचं नाही एवढं मात्र ठरवलं होतं.

तुम्ही अकराला आलात. प्रत्येक पायरीवर थांबत होतात. पिशवी पडली, लिंबं खाली घरंगळली, मी ती गोळा करून आणून दिली. किल्ली तुमच्याकडून लागेना, तीही मीच लावली. तुम्ही मला पाणी विचारलंत. मी म्हटलं, “आजोबा, बरं नाही का?” तुम्ही म्हणालात, “घाबरलोय, बाळ.” मी म्हटलं, “कोणाला?” तुम्ही म्हणालात, “एका मुलीला.”

मला वाटलं होतं, माझ्यामुळे कोणीतरी असं घाबरलेलं बघितलं की बरं वाटेल. नाही वाटलं. तुम्ही माझ्यासारखेच घाबरला होतात. मी स्कार्फ न सोडता खाली आले आणि स्वारगेटला जाऊन सासवडची बस पकडली. त्या बसमध्ये पहिल्यांदा रडले. मी घरी परत का जातेय याचं कारण हेच आहे, पण नीट एक्सप्लेन करता येत नाहीये.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तीन कॉर्नर अडवले हे तुम्ही बघितलं होतंत आणि तरी ती ओळ लिहिलीत, हे मला अजून कळत नाही. तुम्हाला कळत असेल तर कधीतरी सांगा.

एक रिक्वेस्ट आहे. फळा तुम्ही लिहिलात हे आजोबांना सांगू नका, प्लीज. मीही सांगणार नाही. आजी गेल्यापासून त्यांना तुमच्याशिवाय मित्र नाही. रविवारची वाट बघतात ते मॅचसाठी कमी आणि तुमच्यासाठी जास्त. माझ्यामुळे मॅच गेली तेवढं पुरे झालं.

तेजस्विनी

*

माळवस्ती
शनिवार, १५ फेब्रुवारी

श्रीधरराव,

तेजू काल दुपारी घरी आली. सासवडला माझ्या सुनेच्या बहिणीकडं होती. एक दिवस आणि एक रात्र आम्ही खाणीवर काढली. त्याबद्दल लिहीत नाही. तुम्हाला सांगून काय उपयोग.

तुमचं पत्र मला गुरुवारी रात्री बॅटरीच्या उजेडात मिळालं. तेव्हा पोरं अजून पाण्यात होती. मी ते पाण्यात टाकणार होतो. टाकलं नाही, कारण ते तिच्या हाती लागेल अशी भीती वाटली. आता ते माझ्या ट्रंकेत कुलपात आहे.

तुम्ही लिहिलंत, तिनं अक्षर ओळखलं असेल. तसं काही झालेलं नाही. काल रात्री मी तिला विचारून बघितलं, फळा कोण लिहितो ते कळलं का काही? तर म्हणाली, “न्हाई आजोबा, कसं कळणार.” तुमचं पत्र हरवलं म्हणाली. नुसता जीव गुदमरला म्हणून मावशीकडं गेले, असं सांगितलं. तुम्ही चांगले आहात असंही म्हणाली.

तेव्हा आता नीट वाचा. तिला हे कधीही कळता कामा नये. ज्या एका माणसानं तिचे तीन कॉर्नर बघितले होते त्यानंच ती ओळ लिहिली, हे तिला समजलं तर तिचा कोणावरच विश्वास राहणार नाही. तुम्ही चौकीत जे लिहून दिलंय ते तिथंच राहू दे. तिच्याकडं माफी मागायला येऊ नका. माफी मागून तुम्हाला हलकं वाटेल, तिचं ओझं वाढेल.

उद्या तिसऱ्या नंबरचा सामना आहे. ती उतरणार म्हणतेय. आई नको म्हणाली, मी नको म्हणालो, ऐकत नाही. पोलीस दोन माणसं देणार आहेत. काच फोडणारे अजून सापडलेले नाहीत, ते प्रेक्षकांत असतील की नाही कोणाला ठाऊक.

तुम्ही यायचंय. तुम्ही आला नाहीत तर ती विचारील, आणि मला खोटं बोलता येत नाही. नेहमीच्या जागी, माझ्या शेजारी बसा. माझ्याशी बोलू नका. मीही बोलणार नाही, फक्त तिचं लक्ष आपल्याकडं गेलं की मी तुमच्या खांद्यावर हात ठेवीन, तेव्हा दचकू नका. बॉल तिच्याकडं आला की तिच्या नावानं ओरडा. गोल झाला तरी ओरडत राहा.

तात्याराव